कापलेला प्लग

शाहूपुरीत मोटार वाइंडिंग करणारे एक मामा आहेत. नमस्काराला उत्तर म्हणून ते नुसता सुस्कारा टाकतात आणि गणित तळहातावर पेनानं मांडतात. परवा मी शेगडी नेली. तिच्या कॉइलचा जळका तुकडा काढून मीच ती जोडली होती. आता ती भारी तापायची, पण फ्यूज उडायचा. मामांनी मीटर लावला.

“दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. भागलं की तेवीस ओहम, गुणलं की तेवीसशे वॅट. शेगडी पंधराशेची हाय की, पावणं! कॉइल आखूड केलीसा, करंट वाढला. किती जणांस्नी सांगायचं?”

त्यांनी पकडीनं प्लगच कापला आणि तसल्याच प्लगांनी भरलेल्या डब्यात टाकला.

मी चिडून घरी आलो. शेगडी लावायच्या बोर्डाचं प्लास्टिक वितळलं होतं. त्याच भिंतीला टेकून आई शेकत बसते.