स्प्रिंगवरचा हात

बाबांच्या पिकअपच्या पुढच्या चाकातून घरघर येतेय, हे मला आईकडून फोनवर कळलं. रविवारी सकाळीच जुना पंजाबी ड्रेस घालून मी मीरा रोडहून निघाले. नवऱ्याने विचारलं, "भाईंदरला मेकॅनिक नाहीत का?" त्याला काय सांगणार? मेकॅनिक पुष्कळ आहेत. पण आमच्या गाडीचं बेअरिंग बाबा स्वतः बदलतात, आणि त्या कामाला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस मी.

केबिन रोडच्या मागच्या गल्लीत पोचले, तर गाडीचं उजवं चाक जॅकवर अधांतरी होतं. बाबा ते हाताने फिरवत होते, आणि मडगार्डखाली हात घालून वहिनी बसली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बेअरिंग झिजलं की आवाज कुठल्या चाकाचा ते केबिनमध्ये बसून धड कळत नाही, तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. म्हणून चाक उचलायचं, एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवायचा. बेअरिंग चांगलं असेल तर हाताला काही लागत नाही. झिजलेलं असेल तर डब्यात रवा हलवावा तशी बारीक खरखर तळव्याला जाणवते. बाबा गाळ्यांमधून स्टीलची भांडी उचलून दुकानांत पोचवायचे, आणि मी शाळेत होते तेव्हापासून स्प्रिंगवरचा हात माझा. दादाला गाडीतला फक्त हॉर्न आवडायचा. बाबा चाक फिरवत विचारायचे, "हात काय म्हणतो?" मी डोळे मिटून सांगायचे, आणि मी सांगेन तेच चाक खोललं जायचं. शाळेत माझं इतकं कुणी ऐकत नव्हतं.

"हात काय म्हणतो?" बाबांनी वहिनीला विचारलं.

शब्दसुद्धा तेच. निदान तिच्यासाठी दुसरे शोधायचे.

"हेच आहे बाबा, भरपूर खरखरतंय," वहिनी म्हणाली आणि मला बघून हसली. "ताई, बरं झालं आलात. या ना, तुम्ही पण बघा."

तुम्ही पण! मी हात घातला. डावं चाक निघावं अशी माझी फार इच्छा होती, पण खरखर उजव्यातच होती. नाही कशी म्हणणार?

चाक निघालं. आता बाबा पाना घेतील आणि लागेल ते मी हातात देईन, असं मी धरून चालले होते. बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि पाना वहिनीने घेतला. तिने ब्रेक सोडवून बाजूला बांधला, नट काढला, चाक ज्यावर बसतं तो हब ओढला आणि पंच लावून जुनं बेअरिंग हातोडीने ठोकून बाहेर काढलं. बाबा नुसते "आता दुसऱ्या बाजूने मार" एवढंच बोलत होते. मला त्यांनी उभ्या जन्मात हातोडी दिली नव्हती. "बोट चेचशील," म्हणायचे. मग हिची बोटं काय लोखंडाची आहेत? लग्न होऊन घरात येते काय, आणि थेट हबपर्यंत मजल मारते काय! दादाने हौसेने करून आणलेली ही बायको मला तोवर आवडायची. त्या सकाळी तिचा नीट बांधलेला अंबाडासुद्धा डोळ्यांत खुपत होता.

नव्या बेअरिंगमध्ये ती तळव्याने ग्रीस भरायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "कमी आहे."

तिने आणखी घेतलं.

"अजून."

तिने अजून घेतलं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"एवढं नको, बाहेर येईल," बाबा म्हणाले. ते तिला म्हणाले असतील, पण मी ते स्वतःला लावून घेतलं.

हब परत बसवून नट आवळला, किंचित सैल केला. आता तो फिरू नये म्हणून पिन घालायची बाकी होती. ती बाबांनी उचलली आणि त्यांच्या बोटांतून ती निसटली. मी वाकायच्या आत वहिनीने पिन उचलून घातलीसुद्धा, त्यांच्याकडे न बघता, न बोलता. असा सराव एका दिवसात होत नाही. मी येते एखाद्या रविवारी, चहा पिते, जाते. ही रोज असते. माझं खरं दुखणं तेच होतं.

मग चेणे गावापर्यंत चक्कर मारायची ठरली. चावी वहिनीच्याच खिशात होती. ती गाडी चालवायला, मध्ये बाबा, आणि मी पाहुणीसारखी खिडकीशी. घरघर पार गेली होती. "मस्त," बाबा तिला म्हणाले. घोडबंदर रोडला गर्दी होती, सारखे ब्रेक मारावे लागत होते. चेण्याजवळ हब तापतोय का ते बघायला तिने गाडी बाजूला घेतली. मी उतरले, माझ्यामागून बाबा उतरले, चाकाच्या मध्यावर तळवा टेकवायला वाकले, आणि वहिनीने धावत येऊन त्यांचं मनगट धरलं. ओढलंच म्हणा ना.

हे मात्र अति झालं. "अगं, हात काय धरतेस त्यांचा?" मी म्हटलं. "जन्म गेलाय त्यांचा या गाडीवर."

वहिनीने मनगट सोडलं नाही. बाबांनीच उजवा तळवा उलटा करून मला दाखवला. मधोमध भाजल्याचा डाग होता, वर नवी गुलाबी कातडी आलेली.

"मागच्या महिन्यात असाच ठेवला होता," ते म्हणाले. "वास आला तेव्हा कळलं. शुगर. गरम-गार काही समजत नाही हाताला. पायांचंही तेच, त्यामुळे गाडी हल्ली हीच चालवते."

मागच्या महिन्यात मी दोनदा माहेरी गेले होते. दोन्ही वेळा बाबा मला सोडायला खाली आले होते, आणि रिक्षा थांबवताना त्यांनी डावा हात वर केला होता. आईनेही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला कसं सांगणार?" बाबा म्हणाले. "ही आली तेव्हापासून मला असाच बघतेय. हिच्यासमोर पिन पडली, तर पडली. तू बघायला लागलीस की वाटतं, अजून सगळं जमायला पाहिजे."

वहिनी गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथे काही काम नव्हतं, तरी गेली.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला तिचा सकाळपेक्षा जास्त हेवा वाटला. माझ्यासाठी त्यांनी धडधाकट बाबा राखून ठेवले होते, मी येईन त्या रविवारी आंघोळ करून, हसून दार उघडणारे. मला ते नको होते. मला हे बाबा हवे होते, हात भाजलेले, आणि हे त्यांनी तिला दिले होते.