पहिले विमान, मग रिमोट

विमान तारेत अडकलं. दादानं रिमोट माझ्या हातात दिला आणि तो ते काढायला गेला. त्याच्या हातातली नळी तारेला लागली. तो पडला. मी रिमोट धरून उभी होते.

जाताना तो म्हणाला होता, "बंद नको करू. पहिले विमान, मग रिमोट."

हा त्याचा नियम होता. घरी विमानं बनवणारे सगळेच तो पाळतात. सुरू करताना आधी रिमोट, मग विमानातली बॅटरी. बंद करताना उलटं. विमान सुरू असताना रिमोट बंद केला, तर विमानाला हुकूम देणारं कोणी उरत नाही आणि पंखा कधी फिरेल याचा भरवसा राहत नाही. दादाच्या उजव्या अंगठ्यावर त्याचा पुरावा होता, पांढऱ्या रेघेसारखा.

म्हणून मी रिमोट बंद केला नाही. शेतकऱ्याच्या मालवाहू टेम्पोत मागे दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसले, तेव्हाही तो माझ्या गळ्यातल्या पट्ट्याला लटकत होता. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांनी दादाला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं रिमोट वाजायला लागला. बॅटरी उतरली की तो असा वाजतो, टीं टीं करून, थांबून थांबून.

"बंद करा ना ताई ते," सिस्टर म्हणाली. "पेशंट हायेत इथं."

"विमान अजून चालू आहे," मी म्हटलं.

मग डॉक्टर बाहेर आले आणि सांगायचं ते त्यांनी सांगितलं. त्यांचं बोलणं होईपर्यंत आणि त्यानंतरही रिमोट वाजत होता. शेवटी तो आपोआप गप्प झाला.

दादा अकोल्याला आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेचा निदेशक होता. तो मुलांना वायरिंग, मोटारी आणि फ्यूज शिकवायचा. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि बाबांजवळ राहते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दादानं लग्न केलं नाही. आमच्या नात्यातल्या बाया म्हणत, लग्नाचं वय विमानात बसून निघून गेलं. हे त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तो विचारायचा, "तिकीट तुमीच काढून देल्लं होतं ना मावशी?"

रविवारी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला जायची. मूर्तिजापूरच्या रस्त्याला एका काकांचं शेत होतं. हरभरा निघाला की ते रिकामं असायचं. मेच्या आत काळ्या जमिनीला भेगा पडायच्या आणि त्या भेगांत उतरणाऱ्या विमानांची चाकं मोडायची. म्हणून दादानं चाकं लावणंच सोडून दिलं. विमान पोटावर उतरवायचा.

ती विमानं दिसायला चांगली नव्हती, हे सांगितलं पाहिजे. बाजारातून तयार आणलेल्या विमानाला तो हातही लावत नसे. निवडणूक झाली की रस्त्याकडेचे प्रचाराचे बोर्ड उतरवायचे. तो ते मागून आणायचा. पोकळ नळ्यांचा तो प्लास्टिकचा पत्रा, त्याला सनपॅक म्हणतात, हलका असतो आणि आपटला तरी लवकर फाटत नाही. त्यामुळे दादाच्या प्रत्येक विमानावर कोणाचं तरी तोंड असायचं. एका पंखावर कान आणि अर्धी मिशी, दुसऱ्यावर जोडलेले हात. विमान डोक्यावरून गेलं की काका ओरडायचे, "आले रे साहेब! निवडून आल्यावर पयल्यांदाच आले!"

त्यानं मला उडवायला शिकवलं. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर सोपं असतं. ते वळून आपल्याकडे येऊ लागलं की डावं उजवं होतं आणि हात चुकतात. माझे नेहमी चुकत.

"जो पंख खाली झुकला, त्याच्या बाजूनं रिमोटची दांडी ने," तो म्हणायचा. "इचार नको करू. खालून टेकू लाव त्याले."

मी विचार करायची आणि विमान जमिनीत घुसायचं.

"लायब्ररीतही पुस्तकं अशीच आपटतं काय तू?" तो विचारायचा. मग भेगांतून तुकडे वेचायचा. मोडलेलं विमान त्याच्यासाठी पुढच्या विमानाचं सामान होतं. मोटर काढायची, शेपटी-पंखांच्या पट्ट्या हलवणारे सर्व्हो काढायचे, उरलेलं फेकायचं. इतक्या वर्षांत किती विमानं झाली मला माहीत नाही, पण एकाच मोटरचा आवाज मी कितीतरी विमानांतून ऐकला आहे. त्याच्या खोलीत पुरं विमान कधीही एकच असायचं.

बाबांना हे कधी आवडलं नाही. दादा दहावीत होता तेव्हा त्यानं टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचं विमान केलं होतं, टेपरेकॉर्डरची मोटर बसवून. ते उडालं नाही, फक्त अंगणात घरघरलं. त्याच आठवड्यात गणिताचा पेपर आला. बाबांनी पेपर पाहिला, विमान उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि मोडून बंबात घातलं. बंबात कापसाच्या पऱ्हाट्या पेटलेल्या होत्या. काळा धूर निघाला. बाबा दादाची मान धरून त्याला म्हणाले, "पाह्य. उडून राहिलं ना?"

दादा रडला नाही. त्यानं विचारलं, "मोटर काढू देता काय?"

बाबांनी मोटर काढू दिली नाही.

दादा गेला त्या रविवारी विमान उतरताना वारा फिरला. शेताच्या कडेनं अकरा हजार व्होल्टची लाईन जाते, शेतीपंपांची. विमान तिच्या खालच्या तारेवर पंख टाकून बसलं. पडलं नाही. दादा हसला. म्हणाला, "साहेब लटकले."

आमच्याकडे शेतीची वीज पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता, सकाळी लाईन मेलेली असायला हवी होती. तरी कधीमधी मधेच सोडतात. म्हणून प्रत्येक विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत लोक एक बल्ब लावून ठेवतात. तो पेटला म्हणजे वीज आली, मोटर सुरू करायला पळायचं. कोणी तारेकडे पाहत नाही, सगळे बल्बकडे पाहतात. दूरच्या शेतातूनही तो दिसतो.

दादानं बल्बकडे पाहिलं.

"लाईन नाई जी सर," काका बांधावरून म्हणाले. "बलब पाहा ना, बंद आहे."

बांबू हाताशी होता, पण तो पुरत नव्हता. सामानात दादाच्या मोठ्या ग्लायडरच्या पंखांत घालायच्या दोन नळ्या होत्या, कार्बनच्या. काडीसारख्या हलक्या, पण वाकत नाहीत. त्यानं एकीत एक बसवली. ग्लायडर जोडताना त्यानंच मला सांगितलं होतं, रिसीव्हरची वायर कार्बनजवळ ठेवू नको, हे वीज वाहून नेतं, तांब्याचा चुलतभाऊच आहे. मला ते तेव्हा आठवलं नाही. त्यालाही आठवलं नसेल. विमान उडवणाऱ्याला ती नळी म्हणजे पंखाची वस्तू, विजेची नाही.

त्यानं रिमोट माझ्या हातात दिला.

बल्ब रात्रीच उडालेला होता.

काकांनी पोलिसांना सांगितलं की ते काही बोलले नव्हते. मी तिथेच होते. मी त्यांचं बोलणं खोडलं नाही. खोडून लाईन मेली नसती.

जलदानविधी अमरावतीच्या घरी झाला. भंतेजींनी वंदना घेतली, सगळ्यांनी फोटोपुढे फुलं ठेवली. आयटीआयची मुलं आली होती, इस्त्रीचे शर्ट घालून. त्यातला एक बोलायला उभा राहिला. म्हणाला, सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की दुसऱ्यानं बंद सांगितलेली लाईन चालूच समजायची, स्वतः टेस्टर लावल्याशिवाय हात घालायचा नाही. सरांची ही शिकवण आम्ही जन्मभर विसरणार नाही. तो मनापासून बोलत होता. बोलता बोलता आपण काय बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो खाली बसला.

मागच्या रांगेत आमचा आतेभाऊ शेजारच्याला हळूच म्हणाला, "करंट शिकोनारा करंटनंच गेला, घ्या." शेजारच्यानं हसू दाबायला रुमाल तोंडावर धरला. दुरून तो रडतो आहे असंच वाटलं असतं.

बाबांनी मान वळवली. "जोरानं बोल," ते म्हणाले. "त्या फोटोलेही ऐकू जाऊ दे."

मग जेवणं झाली.

विमान तारेवरच होतं. हायवेवरून ते दिसायचं. अकोल्याकडून येणारे पाहुणे दारात चपला काढता काढता बातमी द्यायचे, "आहे जी अजून तिथंच." कोणी मोबाइलमध्ये फोटो काढून आणायचे आणि बाबांना दाखवायचे. बाबा चष्मा लावून पाहायचे आणि मोबाइल परत द्यायचे.

मला ते विमान हवं होतं. दादाची खोली मी रिकामी केली तेव्हा तिथे स्क्रू, तारा, कापलेले सनपॅक, गोंदाच्या बाटल्या होत्या, पण त्याच्या हातचं पुरं झालेलं काही नव्हतं. जे होतं ते त्या तारेवर होतं. पाऊस लागण्याआधी ते उतरवायचं होतं, पुरं.

वीज कार्यालयातल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. "म्याडम, त्याच्यानं सप्लाय ट्रिप होऊन राहिला काय? नाई ना? मंग? वाऱ्यानं पडते ते आपोआप."

"पडलं तर मोडेल."

"मोडलं तर मोडलं." मग त्यांना माझं आडनाव ध्यानात आलं असावं. ते कागद चाळू लागले आणि म्हणाले, देखभालीसाठी लाईन बंद करू तेव्हा पाहू.

मी पुन्हा पुन्हा जात राहिले. एप्रिलच्या शेवटी फोन आला. मी रजा टाकली.

लाईनमन वयानं माझ्याएवढाच असेल. त्यानं आधी टेस्टर लावला, मग साखळी टाकून तारा जमिनीला जोडल्या, मग शिडी लावली. त्यानं हे सगळं सावकाश केलं आणि मला ते सगळं पाहावं लागलं. विमान खाली देताना तो म्हणाला, "घ्या तुमचे साहेब. लई दिवस टांगून राह्यले." मग माझ्याकडे पाहून त्यानं जीभ चावली.

शेपटीचा एक कोपरा वितळला होता आणि ऊन लागून रंग उडाला होता. बाकी विमान पुरं होतं. पंखावर अर्धी मिशी होती. मी पोटाचं झाकण उघडलं आणि बॅटरीची वायर काढली. त्या बॅटरीत कधीचंच काही नव्हतं, तरी काढली.

विहिरीवरच्या खोलीत नवा बल्ब होता. देखभाल संपली आणि लाईन सोडली तसा तो पेटला, भर दुपारी. काका दारात उभे होते. मी पाहिलं तसे ते आत गेले.

बसच्या कंडक्टरनं विमान टपावर टाका म्हटलं. मी दोन सीटची तिकिटं काढली आणि ते शेजारी ठेवलं. बडनेऱ्याला एक बाई चढली. "लेकराले घेतलं काय?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

बाबा व्हरांड्यात बसले होते. मी त्यांना काही विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. त्यांनी विमान पाहिलं. उठून जवळ आले. पंखावरून हात फिरवला, शेपटीच्या वितळलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि थोडा वेळ ते तसंच ठेवलं. मला वाटलं, आता त्यांना रडू येईल.

"यानंच नेलं त्याले," ते म्हणाले.

"वीज होती बाबा. विमान नव्हतं."

"मले नको शिकवू."

मी विमान माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं. खोलीला आतून कडी आहे, पण ती मी कधी लावत नाही.

सकाळी मला वासानं जाग आली. तो वास मी ओळखला. मागच्या अंगणात गेले तेव्हा बंबातून काळा धूर सरळ वर जात होता. वारा नव्हता. बाबा पाटावर बसून सनपॅकचे तुकडे विळीवर कापत होते आणि एकेक आत सरकवत होते, भाजी चिरावी तसे नीट, सारख्या आकाराचे. जोडलेले हात अजून बाहेर होते. ते त्यांनी शेवटी घातले.

मोटर, सर्व्हो, सगळं आतच होतं. मी मोटर मागितली नाही.

त्यांनी चिमट्यानं राख सारली. दोन बादल्या काढल्या. एक स्वतःसाठी न्हाणीत नेली. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. तो धूर असेल, मी विचारलं नाही.

"पाणी तापलं आहे," ते म्हणाले. "आंघोळ करून घे माय, कॉलेजले उशीर होईन."

मी त्या पाण्यानं आंघोळ केली.

आम्ही दोघं त्याच घरात राहतो. रविवारी मी घरी असते. ग्लायडरची एक नळी पोलिसांकडे आहे, दुसरीचं काय झालं मला ठाऊक नाही. रिमोट माझ्या कपाटात आहे. तो दवाखान्यात जसा गप्प झाला तसाच आहे, त्याचं बटण अजून चालूवर आहे.