बोट टेकलं की फोटो पळतो

रिपेअरिंगच्या दुकानात स्क्रू साठतात, तसे किस्सेही साठतात. स्क्रूंना निदान डबी असते. किस्से डोक्यात खुळखुळत राहतात, म्हणून कुणी चहाला बसलं की मी ते ओततो. जळगावात माझं आणि सलीमभाईंचं मोबाइलचं दुकान आहे. फोन आखणारे कुठेतरी लांब एसीत बसून डोकं चालवतात आणि शिव्या खातो आम्ही.

•

दीपनगरचे एक रिटायर्ड साहेब आले. उभा जन्म वीज केंद्रात गेलेला. नवा फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, "हा बंद करून दाखवा."

पूर्वी बाजूचं बटण दाबून धरलं की फोन बंद व्हायचा. आता ते दाबलं की आतून एक बाई विचारते, "मी काय मदत करू?" साहेब तीन दिवस तिला सांगत होते, "बाई, तू बंद हो."

मी दोन बटणं एकदम दाबून दाखवली. "हे लिहिलंय कुठं?" त्यांनी विचारलं. कुठंच नाही.

"मी अख्खं टर्बाइन एका बटणावर बंद करायचो," ते म्हणाले. "इथं आधी बाईची परवानगी!"

•

यावलच्या एक अक्का केळीच्या बागेत कामाला जातात. चिकाने बोटं काळी आणि राठ झालेली, त्यामुळे स्क्रीन त्यांना बोटं मानतच नाही. दुकानात असतानाच त्यांच्या मुलाचा फोन आला. अक्कांनी फोन तोंडासमोर धरला आणि सरळ नाकाने उचलला.

मी बघतच राहिलो.

"मग काय करू, भाऊ? नाक तं रिकामंच असतं."

•

पूर्वी बॅटरी नखाने निघायची. आता पाठ गोंदाने चिकटवलेली. सलीमभाई हीटगनने शेकत बसतात, आणि काच तडकली की गिऱ्हाईक आमच्या अंगावर येतं. परवा घाम पुसत म्हणाले, "बनवणाऱ्याला वाटलं, फोन कधी आजारीच पडणार नाही. त्याच्या घरी म्हातारं माणूस नसेल."

•

एका शाळेतले सर. शोकसभेत वाचायचा मजकूर फोनवर उघडून उभे होते. सगळे स्तब्ध उभे, आणि त्या मजकुरावर साबणाची जाहिरात गायला लागली. बंद करायची फुली मोहरीएवढी. बोट फुलीवर पडायच्या ऐवजी साबणावर पडलं, आणि गाणं पहिल्यापासून सुरू.

"आवाज बंद ठेवायचा ना, सर," मी म्हटलं.

सर भडकले. "फुली बारीक करायला त्यांनी पगार देऊन माणूस ठेवलाय, आणि शिकवताय मला?"

•

आता नानांचं ऐका. एरंडोलकडचे शेतकरी, वाचता येत नाही. एकुलती लेक धुळ्याला दिलेली. तिने नानांच्या फोनवर स्वतःचा फोटो लावून दिला होता. फोटोवर बोट टेकवलं की तिला फोन लागायचा. रोज संध्याकाळी बापलेकीचं बोलणं व्हायचं.

पण बोट जरा जास्त टेकलं की फोटो जागचा उठतो, सरकतो, गायब होतो. जन्मभर कुदळ धरलेला हात अलगद कसा टेकणार? फोटो गेला की बोलणं बंद. मग नाना एसटीने धुळ्याला जायचे, लेकीकडून फोटो जागेवर बसवून आणायचे. महिन्यातून दोनदा तरी.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. अरे, म्हाताऱ्या माणसाला एका फोटोसाठी एवढी पायपीट? मी सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनला कुलूप घातलं. आता कितीही दाबा, फोटो हलणार नाही.

"सुटलात, नाना. आता धुळ्याला जायचं काम नाही."

नाना "बरं" म्हणाले आणि गेले.

आठ दिवसांनी परत दारात. म्हटलं, गेला वाटतं फोटो. फोन हातात घेतला. फोटो जागेवर. बोट टेकवलं, लेकीला रिंग गेली.

"चालू तर आहे. बिघडलं काय?"

"बिघडनं काहीच नही, भाऊ." नाना खाली बघत होते. "बिगर कामनं पोरना सासरले कसं जावानं? ते कुलूप काढी टाक."

सलीमभाईंनी हीटगन खाली ठेवली. मी कुलूप काढलं.

नानांनी तिथंच फोटोवर अंगठा दाबून धरला. फोटो जागचा उठला, सरकला, गायब झाला.

"आते ठीक शे," नाना म्हणाले, आणि धुळ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.