रिकामी चौकट

ऑफिसात त्याला सगळे 'कात्री' म्हणत. हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी तो हलका ब्राउझर बनवत होता आणि जे जड दिसेल ते कापत सुटला होता.

त्याची ताई परिचारिका. घरोघर फिरून रुग्णांची माहिती ती अशाच एका जुन्या यंत्रावर भरायची. आरोग्य कार्यालयाने शुक्रवारची मुदत दिली होती. तोवर ब्राउझर नीट चालला तर ठीक, नाहीतर पुन्हा कागदी तक्ते आणि त्याची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. चाचणीसाठी ब्राउझर ताईसकट बारा जणी परिचारिकांना दिला होता. बुधवार उजाडला तरी एकही नोंद पोहोचली नव्हती.

तो खुर्चीतून उठे, खिडकीपर्यंत जाई, परत बसे. आकडा शून्यावरून हलेना. शेवटी दुपारी त्याने ताईचा दवाखाना गाठला.

"तू अर्ज भरतेस ना गं?"

"तीन दिवस भरतेय. पान झटकन उघडतं, तेवढं मात्र खरं."

"मग पाठवत का नाहीस?"

"कशानं पाठवू? बटणच नाही. मला वाटलं, आपोआप जात असेल. विचारणार होते, पण तू घरभर येरझारा घालत होतास. म्हटलं, कशाला चावून घ्या."

"आणि तीन दिवसांच्या नोंदी?"

"वहीत आहेत. तुझ्या भरवशावर कोण राहतंय?"

त्याने यंत्र हातात घेतलं. अर्जाखाली नुसती पांढरी जागा. त्याने सगळी चित्रं सरसकट उडवली होती आणि आरोग्य कार्यालयातल्या कुणा हौशी माणसाने अर्जाचं 'पाठवा' हे बटणच चित्र म्हणून काढलं होतं. स्वतःच्या चाचणीसाठी त्याने जी पानं केली होती, त्यांत बटणं साध्या अक्षरांची होती.

चित्रं परत आणावीत तर यंत्र गुदमरणार. दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन तो बसला, तीनदा उठला, चारदा बसला. अखेर चित्राच्या जागी त्याने फक्त एक चौकट आखली, दाबता येईल अशी, आणि हा बदल बाराही यंत्रांवर पाठवला.

ताईने ती दाबली. नोंद गेली. मग एकेकीला फोन करून ती सांगत बसली, "खाली रिकामी चौकट दिसेल, बिनधास्त दाबा."

शुक्रवारी आरोग्य कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "हे असंच दिसणार का?"

"दिसेना का," ताई म्हणाली, "बाराही जणींच्या नोंदी आल्यात ना?"

साहेबांनी यादी पुन्हा एकदा पाहिली आणि मंजुरीची सही केली. तोवर हा त्यांच्याच टेबलाच्या कडेवर बोटाने रेघा ओढत होता. चौकटीच्या चारपैकी दोन रेघांवर भागलं असतं, असं त्याला वाटू लागलं होतं.