घासलेला नंबर

माझी सायकल कोणत्या कारखान्याची आणि किती सालची, हे गावात कोणी कधी विचारलं नव्हतं. ती ‘गोऱ्याची सायकल’ होती, तेवढं पुरे होतं. लढाईच्या काळात बिरसीच्या विमानतळावर असलेल्या एका गोऱ्याने परत जाताना ती गोंदियाच्या एका रेल्वे गार्डला विकली. गार्डची बदली झाली तेव्हा बाबांनी ती माझ्यासाठी घेतली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर बारीक, कॅरिअर नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. गाव बिरसीच्याही पलीकडे, त्यामुळे सायकल नसेल तर कॉलेजही नाही, असा सरळ हिशेब होता.

गोंदियात सायकलला नगरपालिकेचा परवान्याचा बिल्ला लागतो. तो घ्यायला मी रांगेत उभा राहिलो. कारकुनाने सायकल उलटी करून पाहिली, मग सीटच्या खाली बोट फिरवलं. तिथे नंबर असायला हवा होता. होते ते कानशीचे ओरखडे.

“किसकी उडाई?” त्याने विचारलं.

“माझी आहे. बाबांनी घेतली.”

“फिर नंबर कौन खा गया?”

मागे माझ्या वर्गातले दोघे होते. ते हसले. मी खिशातून गार्डची विक्रीची चिठ्ठी काढली. तिच्यावर इंग्लंडच्या कारखान्याचं नाव, १९३८ साल आणि नंबर, सगळं होतं. कारकून म्हणाला, “ही चिठ्ठी याच सायकलची कशावरून? पुढची कंपनीची पट्टीसुद्धा नाही. आठ दिवसांत सिद्ध कर, नाहीतर पोलिसात देतो.” त्याने सायकल आवारात नेऊन साखळीने बांधली. मी चिठ्ठी खिशात ठेवून निघालो. त्याला तिथेच सुनावलं का नाही, याचा राग मला अजून येतो.

पायी घरी पोचलो तेव्हा बाबा धानाच्या बांधीत धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, चिखल लावत होते. मी नंबराचं विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तो डाग? तो मी लोहाराकडून घासून घेतला.”

“कायले?”

“दुसऱ्याचा डाग आपल्या घरी काऊन ठेवाचा? उद्या कोनी आला आन म्हनला, माही हाय, त मंग?”

आमच्याकडे बैलाला डागतात. बाबांनी एकदा बाजारातून आणलेला बैल चरत चरत जुन्या गावी गेला आणि जुन्या मालकाने अंगावरचा आपला डाग दाखवून तो दावणीला बांधून घेतला. पंच बसवून बैल सोडवावा लागला होता. तेव्हापासून विकत आणलेल्या जनावराचा जुना डाग बाबा आधी वरून डागून मोडतात. सायकल घरी आली त्याच दिवशी त्यांनी तेच केलं होतं. मला विचारलंही नाही.

मी ओरडलो. “अडाणी आहात तुम्ही,” असं म्हणालो. शाळेत शिकलेल्या मराठीत म्हणालो, ते जास्त लागावं म्हणून. बाबांनी हातातला चिखल धुऱ्यावर थापला आणि म्हणाले, “उद्या येतो मी तुह्यासंगं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या सायकल मिस्त्रीला घेऊन नगरपालिकेत गेलो. त्याने घाई केली नाही. पुढच्या नळीवर पट्टी निघाल्याची दोन छिद्रं होती, एकाखाली एक. त्यांतलं अंतर त्याने बोटाने मोजलं. पायडलच्या चक्क्यावरची नक्षी चिंधीने पुसली. “कारखाना तो वही है, जो चिट्ठी में है। पर चक्का बदला भी जा सकता है,” तो स्वतःशीच म्हणाला. मग मागच्या चाकाचा मधला हब पुसला. त्यावर बारीक आकड्यांत ३७ हे साल होतं.

“चिठ्ठीत अडतीस आहे,” कारकून लगेच म्हणाला.

“साहब, हब पहले बनता है, गाड़ी बाद में। शादी से पहले बर्तन नहीं खरीदते क्या?”

बाबा हसले. त्या आवारात हसणारे ते एकटेच होते. मला त्याचाही राग आला.

“कारखाना कळला, साल कळलं. पण हीच सायकल कशावरून?” कारकुनाने विचारलं. मिस्त्रीने पाना मागितला. हँडल काढलं, पुढचं चाक काढलं, चाक धरणारा चिमटा ठोकून खाली ओढला. चिमट्याची वरची नळी एरवी फ्रेमच्या आत झाकलेली असते. तिच्यावरचं काळं ग्रीस त्याने रॉकेलने धुतलं. खाली नंबर होता. चांगले कारखाने तो दोन ठिकाणी मारतात, असं मिस्त्री म्हणाला. कारकुनाने एकेक आकडा चिठ्ठीशी ताडून पाहिला. सगळे जुळले.

मला वाटलं, आता तो निदान एक शब्द बोलेल. त्याने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. “नंबर खोडल्याचं कारण लिही. लिही, वडील अडाणी असल्यामुळे.”

तो माझाच शब्द होता. बाबा शेजारी उभे होते. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकू तर येतं.

“हे मी लिहिणार नाही,” मी म्हणालो.

“मग बिल्ला नाही.”

मी टाक उचलला आणि लिहिलं: ‘विकत घेतलेल्या जनावराचा जुना डाग मोडतात, त्या रीतीने नव्या मालकाने काढला.’ कारकुनाने ते वाचलं, “हे काय गुरांचं रजिस्टर आहे का?” म्हणून ओरडला, मोठ्या साहेबांकडे नेतो म्हणाला. मी म्हणालो, न्या. मिस्त्री सायकल जोडत होता. तो मान न वळवता म्हणाला, “झूठ तो नहीं लिखा, साहब।” कारकुनाने ते पुन्हा एकदा वाचलं आणि शिक्का इतक्या जोरात मारला की दौत हलली.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, “काय लिवलं तू?”

मी लिहिलेलं सांगितलं. ते म्हणाले, “बराबर हाय.” मी धुऱ्यावर जे बोललो होतो त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही आणि मलाही तो विषय काढता आला नाही. ते म्हणाले, “तू जाय, तुह्या तासाची वेळ झाली.” मी सायकलवर बसलो. कॉलेजपर्यंत मी पायडल इतक्या रागाने मारत होतो की समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि तो राग आता कारकुनावर राहिला नव्हता, बाबांवरही नाही.