आईचं वर्तुळ

आई गेल्यावर मला रडू आलं नाही. दहावा, तेरावा उरकून मी दौंडला रेल्वे कॉलनीतल्या घरी परतले आणि घरूनच कंपनीचं काम पुन्हा सुरू केलं. डेटामधून कोण कोणाशी जोडलेलं आहे ते काढायचं आणि त्याचा हलता नकाशा करायचा, हे माझं काम. माणसांची वर्तुळं, नात्यांच्या रेघा. एक वर्तुळ ओढलं की जोडलेली सगळी त्याच्यामागं ताणली जातात.

एका दुपारी हाताला काम नव्हतं. समोर काहीतरी हलत राहावं, एवढ्यासाठीच मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं सगळं चॅट काढलं आणि त्याचा नकाशा केला. कोणाच्या मेसेजमागं कोणाचा मेसेज, तशी रेघ. चुलतभावाचं वर्तुळ सगळ्यात मोठं आलं; तो रोज सुविचार टाकतो. आई कुठंच नव्हती. मला वाटलं, कोड चुकला. मग लक्षात आलं, आईनं ग्रुपवर कधी काही लिहिलंच नव्हतं. ती फोन करायची.

रविवारी निमोण्याला माहेरी, वडिलांकडे गेले तेव्हा लॅपटॉप सोबत होता. आबा शेवंती तोडून नुकतेच पडवीत टेकले होते. त्यांना नकाशा दाखवला.

"ही तू. ही पाबळची तुजी ताई. आन् तुजी आई कुठं हाय?"

"ती नाही यात, आबा. तिनं कधी लिहिलं नाही."

"लिवलं न्हाई म्हंजी नव्हती व्हय?"

मी एक रिकामं वर्तुळ घातलं. "सांगा, कुणाला फोन करायची?"

"ताईला, रोज सकाळी. मामाला. तुज्या थोरल्या चुलतीला."

"चुलतीला? आपलं तर बोलणं बंद आहे ना?"

"भांडाण आमचं भावाभावांचं. त्या दोघींचं कुठं व्हतं?"

मला हे माहीत नव्हतं. मी रेघ ओढली. रंग कुठला द्यावा, एवढंच डोक्यात होतं.

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला फोन करंल? मी घरातच." मग स्क्रीनकडं बोट करून म्हणाले, "पर काढ एक."

"जाड काढू?"

"काढ की."

बोलणं बंद असलं तरी थोरल्या चुलत्यांचं घर ग्रुपवर होतंच; नकाशाची लिंक मी तिथं टाकली. कोणी काही लिहिलं नाही. तासाभरानं आबांचा फोन वाजला. पलीकडे थोरली चुलती होती.

"भावजी, जेवला का?"

आबा उठून उभे राहिले. "व्हय वहिनी, जेवलो."

जेवण व्हायचं होतं. मी ताटं वाढायला आत गेले.