बादली निशाणीची भाजीवाली

मागच्या एका निवडणुकीत मी एकच बटण दाबून मतदान केंद्रातून ऐटीत बाहेर निघाले. मागून अधिकारी ओरडला, "आजी, परत या! अजून तीन बटणं राहिलीत." वाचकहो, तेव्हा मी आजी झालेही नव्हते. त्यामुळे राग आधी आला, अक्कल नंतर.

या फजितीमागे होती आमच्या अमरावतीच्या कोपऱ्यावरची भाजीवाली. मेथी तोलून झाली की ती पिशवीत सांबाराच्या चार काड्या टाकायची आणि म्हणायची, "हे वरून." सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्यांनी वाटी पुढे करू नये. भाव ती कमी करत नसे, पण भांडून गेलेल्या गिऱ्हाइकालाही बोलावून वरून द्यायची.

महापालिकेनं रस्त्यावरच्या भाजीवाल्यांना उठवायचं ठरवलं, तेव्हा तिचं म्हणणं एवढंच, "आदी पत्र्याखाली ओटे द्या, मंग उठवा." त्यासाठीच तिला निवडून यायचं होतं. आमच्या प्रभागात चार जागा. एका पक्षानं तिला आपल्या चौघांच्या पॅनलमध्ये घेतलं, हार घातला, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी तिच्या जागी पुढाऱ्याची सून उभी केली. आता ही हाराचं काय करते, हे पाहायला मी मुद्दाम रेंगाळले. तिनं तो बकरीपुढे टाकला. "कोनाच्या त कामी येईन."

मग त्याच दुपारी अर्ज भरून ती अपक्ष उभी राहिली. निशाणी बादली. प्रचारप्रमुख कोण? अस्मादिक! मी घरोघरी बायकांकडून घोकून घेतलं, "एकच बटण, बादली! बाकी कशाला हात लावायचा नाही."

चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही, हे मला त्या केंद्रातच कळलं. मागे रांग खोळंबलेली. घाबरून मी उरलेल्या तीन जागांची सगळ्यात वरची नावं दाबली. मशीन वाजलं. बाहेर आल्यावर समजलं, ती तिन्ही नावं तिला हाकलणाऱ्या पॅनलचीच! मी पढवलेल्या बायकाही एकेक करून येत होत्या. "काकू, आमी बी वरचं वरचं दाबलं."

ती पडली. पॅनल अख्खं निवडून आलं.

ओटे काही झाले नाहीत. रस्ता रुंद झाला आणि ती तेल्हाऱ्याला लेकीकडे निघून गेली. परवाच्या निवडणुकीत जेवढी पॅनलं दारात आली, तेवढ्या सगळ्यांच्या पत्रकावर 'भाजीविक्रेत्यांना ओटे' छापलेलं. हे कुणाचं डोकं, असं मी प्रत्येकाला विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. मी चारही बटणं दाबली, मशीन वाजेपर्यंत थांबले, आणि घरी येताना त्या कोपऱ्यावरही उगाच थांबले.

तेव्हा, ती पडल्यावर, मी कितीतरी दिवस दुसऱ्या चौकातून भाजी आणत होते. शेवटी लाज गिळून गेले आणि सगळं सांगून टाकलं. तिनं मेथी तोलली, सांबार टाकला, आणि इतकी हसली की हातातला तराजू डुलायला लागला.

"काकू, म्या तुमाले एकच मत मांगतलं होतं. तुमी त त्याइले तीन वरून देऊन आल्या व!"